बघ-कोण

मनोरीच्या धक्क्यावर कुस्तोदकाका उतरले,
मांडीशी बिस्किटांचा डबा, डब्यात भुसा, भुशात नऊ अंडी.
एका टोकाला निमुळती, कवच इतकं टणक
की नखाने टिचकी मारली तर खापरासारखी वाजतात.
"गिनी आहेत," म्हणाले.
सासूबाईंना आधी सोनंच आठवलं,
गिनीच्या पाटल्या,
ज्या एकदा बँकेत गेल्या आणि तिथेच नांदल्या.

काळुंद्री तेव्हा खुडूक होती.
रात्री पोटाखाली हात सरकवून तिची अंडी काढली,
ही ठेवली.
एक चोच मारली तिने, मग पंख पसरले.

कोंबडीच्या अंगात एकवीस दिवस लिहिलेले असतात.
बाविसाव्या सकाळी ती उठली.
अंड्यांकडे एका डोळ्याने पाहिलं,
मान वळवून दुसऱ्या डोळ्याने पाहिलं.
मी दाराशी उभी, हातात तांदळाच्या कण्या,
अजून पाच दिवस, बाई, एवढंच,
हे कुठल्या भाषेत सांगू?
ती पुन्हा बसली.

सात निघाली. पट्ट्यापट्ट्यांची, नारिंगी पायांची,
जणू बाटलीमसाल्याच्या परातीतून चालत आलेली.
पाण्याच्या थाळीत खडे टाक, असं काकांनी बजावलं होतं.
मी विसरले.
बोटभर पाणी होतं.
सहा राहिली.

मग डोकी बोडकी झाली, वर शिंग आलं, गाल निळसर,
आणि अंगभर ठिपके,
कुणी रांगोळीला बसावं
आणि रेघा ओढायच्या आधीच उठून जावं, तसे.
आमचा हवालदार कोंबडा, तीन वर्षं ज्याच्या शब्दाबाहेर
वाडीत दाणा हलला नाही,
त्याला सहाजण मिळून विहिरीभोवती पळवू लागले.
अक्कल मात्र बेताची.
फाटक सताड उघडं,
आणि ही जाळीला छाती लावून
इकडून तिकडे, तिकडून इकडे,
जायचं तर जाळीतूनच.

आवाज फुटला तेव्हा कळलं कोण नर, कोण मादी.
नर नुसताच चक् चक् चक् चक्,
मादी दोन अक्षरांत विचारते: बघ-कोण! बघ-कोण!
चार माद्या.
पोस्टमन आला, बघ-कोण.
नारळ पडला, बघ-कोण.
आपलीच सावली भिंतीवर चढली, बघ-कोण.
शेजारच्या बंगल्यातले शनिवार-रविवारचे साहेब
कुंपणाशी येऊन म्हणाले, "हे बंद कुठून करायचं?"
मी त्यांना कोंबडीची डझनभर अंडी दिली.
अंडी घेतली. तक्रारही ठेवली.

खरा घोटाळा संध्याकाळचा.
दिवे लागायच्या सुमारास काळुंद्री खुराड्यात शिरायची,
कुक् कुक् करून पोरांना बोलवायची,
आणि एका संध्याकाळी पोरं
फडफडाट करून भेंडीच्या झाडावर गेली.
सगळी. थेट वर, जिथून खाडीपलीकडे
मार्व्याचे दिवे दिसतात.
ती खाली उभी. कुक् कुक्.
पिवळं भेंडीचं फूल तिच्या पाठीवर पडलं, हलली नाही.
मी उचलून आत ठेवलं.
दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशीही.
पावशेर वजन तरी उतरलं असेल तिचं,
माझ्या हातांना कळत होतं.

मग परवा खुराडं मोजलं तर एक कमी.
मुंगूस, म्हणाला जेरोम, आणि काठी घेतली.
मी टॉर्च फिरवला,
विहीर, लाकडं, केळीचं बन,
आणि सहज, झाडावर.
सर्वांत खालच्या फांदीवर, जमिनीपासून पुरुषभर उंच,
काळुंद्री.
नखं सालीत रुतवलेली, पिसं फुगलेली,
चेहरा असा, जणू चुकीच्या घराची बेल दाबलीय.
वर, अंधारात, सहा ठिपक्यांचे गोळे.

जेरोमने शिडी आणली.
मी म्हटलं, राहू दे.
"पडेल."
पडू दे, म्हणाले,
आणि रात्रभर कान तिकडेच लावून झोपले नाही.

पहाटे सगळी उतरली. तीच उतरेना.
खाली बघायची, पाय बदलायची, पुन्हा बघायची.
आणि झाडाखाली सहाजण
माना वर करून, गावभर ऐकू जाईल असं:
बघ-कोण! बघ-कोण!