अनुक्रमांक सात

रुवीत, घड्याळाच्या चौकाजवळ,
आमच्या दुकानावर पाटी आहे: सनद.
इथे सनद म्हणजे टायपिंगचं दुकान.
व्हिसा, भाडेकरार, हरवलेल्या कार्डाचा अर्ज.
आमच्या आजोबांकडेही एक सनद होती, इनामाची.
जमीन गेली, कागद राहिला.
हे मी मालकांना, कुंजीमोनना, कधी सांगितलं नाही.

एक ते चार दुकान बंद.
पावणेचारला शटर वर केलं
तर ते बाहेर उभं. उन्हात,
सावली दोन पावलांवर असून.
ते आत आलं. गिऱ्हाईक आधी एसीखाली सरकतं,
हे टेबलावरची माझ्या नावाची पट्टी वाचत राहिलं
आणि मराठीत म्हणालं, "बसता येईल?"

हातात एकच कागद.
बीबी झुवैना यांच्या पश्चात मुलांनी केलेली यादी.
पाच: शिवणयंत्र.
सहा: टोयोटा, जुनी.
सात: सोबती, घरगुती, चालू स्थितीत.
आठ: लवंगांची पेटी, रिकामी.
वर ठळक अक्षरांत, अरबीत, जे आपल्याकडे तलाठी लिहितो
जंगम मालमत्ता.
जंगम म्हणजे जागेवरून हलवता येतं ते.
माझा पासपोर्ट नऊ वर्षं कुंजीमोनच्या कपाटात आहे.
मी हलते. तेवढ्यापुरती मीही.

"काय लिहू?"
"लिहा, बाई शेवटी अरबी विसरल्या.
लहानपणची झांझिबारची स्वाहिली तेवढी उरली.
मुलांना ती येत नाही. मला येते."
स्वतःबद्दल बोलताना ते क्रियापद चुकवत होतं.
मी गेलो नाही, मी गेले नाही,
'माझं जाणं झालं', असं काहीतरी,
ओल्या फरशीवर कडेकडेनं चालावं तसं.

"मुलं विकणार आहेत.
विकण्याआधी पुसणार आहेत.
त्याला हरकत नाही, तसं लिहा.
फक्त पुसण्याआधी कोणीतरी बसून ऐकावं.
अकराशे तास आहेत.
बरेचसे लवंगा वाळवण्याबद्दल."

मृताशी नाते: पत्नी, पुत्र, कन्या, नोकर, इतर.
इतर दाबलं की खाली रकाना उघडतो, खुलासा करा.
ते गप्प. माझी बोटं कीबोर्डवर.
बाहेर कोणीतरी झेरॉक्सचा भाव विचारून गेलं.
"त्या म्वानांगू म्हणायच्या. माझं लेकरू."
मग, जरा वेळानं,
"रात्री घाबरल्या की आई म्हणायच्या."
रकान्यात तीस अक्षरं मावतात.
मी दोन्ही लिहिलं. मधे स्वल्पविराम.

पुढे अडलं.
अर्जदाराचा रेसिडेंट कार्ड क्रमांक: आवश्यक.
तीनदा रिकामा सोडला, तीनदा चौकट लाल.
त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही, हे मला कळलं.
मुद्दाम पाहिलं नाही.
चौथ्या वेळी मी माझा नंबर टाकला.
हिरवं झालं.
आता कागदोपत्री
बीबी झुवैनाची मी कोणीतरी लागते.

फी दोन रियाल. त्याला खिसाच नव्हता.
माझ्या हिशेबाच्या वहीत लिहिलं, उधार.
नावापुढे काय घालायचं ते सुचेना,
श्री नाही, श्रीमती नाही, कुमार नाही.
ते उठलं, खुर्ची होती तशी आत सरकवली.
नऊ वर्षांत एकाही गिऱ्हाइकानं सरकवलेली नाही.

रात्री देवरुखला फोन.
आईला सांगायला लागले,
आज दुकानात एक, ते आलं...
जीभ मधेच वळली.
"ते आले होते," म्हटलं.
एका मात्रेचा फरक.
तिकडे टीव्हीचा आवाज कमी झाला.
"ते?" आई म्हणाली.
"कोण गं ते?"