कथील

ग्रनोबलला रात्री वीज स्वस्त असते,
म्हणून चुंबक रात्रीच जागतं.
नदीचं पाणी एकीकडून गार आत येतं,
दुसरीकडून कोमट होऊन निघून जातं,
आणि सोलेन केर्वादेक डबा उघडते :
पाव, चीज, मूठभर अक्रोड.

स्फटिक तिळाएवढा.
त्याला सोन्याच्या चार तारा, केसाहून बारीक,
चांदीच्या लेपाने, श्वास रोखून चिकटवलेल्या.
शिंक आली असती तर आठवडा गेला असता.

कागदोपत्री हा पदार्थ दुर्वाहक.
एवढ्या थंडीत आत कुणी हिंडू-फिरू नये.
तरी नोव्हेंबरात, एकोणतीस टेस्लाच्या पुढे,
आलेखाची रेघ उचंबळली.
एक लाट,
मग दुसरी, जरा रुंद,
मग तिसरी, आणखी ऐसपैस.
अशा लाटा धातूत उठतात.
जिथे समुद्रच नाही तिथे ही भरती कसली?

चार महिने तिने कुणाला फारसं सांगितलं नाही.
ट्रामच्या काचेवर वाफ धरली की बोटाने
त्या न दिसणाऱ्या समुद्राचा आकार काढायची,
कधी शिंपला, कधी मध्येच चिमटलेलं भोपळ्याचं फळ.
समोरच्या बाईला वाटायचं, पोरगी प्रेमात आहे.
फार काही चुकत नव्हतं तिचं.

मग दुसरा स्फटिक आला, त्याच मुशीतला.
रेघ सपाट.
तिसरा.
सपाट.

गास्तों रपलँ, पंपांचा म्हातारा तंत्रज्ञ,
तिच्याच डब्यातला अक्रोड फोडत म्हणाला,
"पहिला कापून बघितलास का?"
एवढंच.
दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही.
तिसऱ्या दिवशी कापला.

सूक्ष्मदर्शकाखाली, स्फटिकाच्या पोटात,
एक चकाकता ठिपका :
वाढवताना मुशीत वितळवलेलं कथील,
निथळून जायचं राहिलेलं.
समुद्र त्याचा होता.

आपल्याकडे कल्हई उडाली की पितळ उघडं पडतं.
इथे पदार्थ होता तसाच राहिला, प्रामाणिक, मुका,
उघडं पडलं ते कथीलच.

व्याख्यान मागे घेतल्याचं पत्र तिने चार ओळींत लिहिलं.
'खेद' हा शब्द घातला, खोडला, पुन्हा घातला.
मग रात्री दोनला, कुणी सांगितलं नसताना,
लाटांची वारंवारता जुन्या तक्त्याशी ताडून पाहिली.
दशांशापर्यंत जुळली.
म्हणजे यंत्र खोटं बोललं नव्हतं,
तारा नीट होत्या, हातही.
प्रश्न एकाला विचारला होता,
उत्तर त्याच्या पोटातून दुसऱ्याने दिलं होतं.

पंपांची घरघर चालू होती.
बाहेर डोंगरांवर बर्फ, ते काही दिसत नव्हतं.

"चौथा आहे अजून," ती म्हणाली.
"आधी कापायचा?"
अक्रोडाची टरफलं तिने तळहाताने गोळा केली.
"नाही. आधी ऐकू."