दहावा

कारंज्याच्या छापखान्यात मी खिळे जुळवायचो
तेव्हा हनोख झिराडकर आले,
रेल्वेची जुनी छत्री आणि सुतळीनं आवळलेल्या सात वह्या.
कादंबरी आहे, म्हणाले. शंभर प्रती काढा.
नाव वाचलं : दहावा.
मला वाटलं, कुणाचा तरी दहावा असेल,
पिंड, नदी, कावळ्याची वाट.
ते हसले. 'तसंच आहे थोडंसं.
आमचा कावळा रेल्वेनं येतो.'

महिनाभर त्या वह्यांतच होतो मी.
खिळ्यांतली उलटी अक्षरं वाचताना बघून म्हणाले,
'आमचं पुस्तकही त्याच बाजूनं उघडतं.'
'द'चा खण दोनदा रिकामा झाला.

दारव्हा स्टेशन. छोट्या रुळांची गाडी.
मास्तरांचा हनोख, घरी अलिबागेकडची मराठी.
जिनाच्या बंगल्यातला हेस्केल, घरी बगदादची अरबी,
पण सरकी निवडणाऱ्या बायांकडून उचललेलं वऱ्हाडी असं
की 'काहून बे मास्तरच्या!' ही हाक
पाण्याच्या टाकीपर्यंत पोचायची.

दोघं भेटले ते शनिवारी,
सगळी पोरं शाळेत असताना.
गुरुजी हजेरीत दोघांवर एकच रेघ ओढायचे.
नथ्थू तेली म्हणायचा,
'तुमी शनवारचे, आमी सोमवारचे, घाना एकच.'
गावाला ते एकच होते.
एकट्या हेस्केलच्या आईला नव्हते.
मास्तरांच्या घरचं पाणीसुद्धा तिला चालायचं नाही.
म्हणून मलिदा कापसाच्या गंजीमागं :
गुळातले ओले पोहे, खोबरं, केळ्याची चकती,
आणि तोंड पुसायला
तिथलाच मूठभर कापूस.

चौथ्या वहीत मनाशे सेठ वारतो.
बापासाठीच्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात.
सहा दिवस दहांवाचून गेले.
सातव्या दिवशी अकोल्याहून, खामगावाहून, अमरावतीहून
सगळे धरून नऊ.
झिराडकर मास्तर काळी टोपी घालून
बंगल्याच्या पायरीपाशी उभे राहिले.
कुणी 'जा' म्हणालं नाही.
'या'ही म्हणालं नाही.
मुंबईला तार गेली होती.

दिवेलागणीला मास्तर परत फिरले. ड्युटी होती.
हिरवा कंदील दाखवून त्यांनीच गाडी आत घेतली,
त्यांनीच दहाव्याचं तिकीट घेतलं,
त्यांनीच, उजेड कमी म्हणून,
बंगल्याच्या फाटकापर्यंत कंदील धरला.

पोरं बारा वर्षांची. म्हणजे मोजणीत नाहीत.
त्याआधी, मास्तर पायरीपाशी असतानाच,
हेस्केल उंबऱ्यावर बसून बोटं मोजत होता,
आणि वहीत ओळ होती :
'हेस्केलनं पुरुष मोजले. नऊ.'

त्या ओळीवर कागद झिजला होता.
नऊ, वर शाईत दहा, त्यावर काट,
पेन्सिलीनं पुन्हा नऊ.
मी विचारलं, खरं काय झालं?
म्हणाले, 'माझ्याकडं पाठ होती त्याची.
बोटं दिसली नाहीत.'

पुढच्या तीन वह्यांत हेस्केल फारसा नाही.
जिन विकलं जातं, ते लोक विलायतेला जातात,
एक पत्र येतं, त्यात नुसतं धुकं आणि
'दारव्ह्याची गाडी अजून तशीच पळते का बे?'
बाकी बदल्या, सिग्नल, पेन्शन.

त्या रात्री मी ती ओळ जुळवली
आणि 'दहा' बसवलं.
विचारलंच तर हात चुकला म्हणणार होतो.

सकाळी ते मुद्रितं तपासायला बसले.
भिंग, लाल पेन्सिल, गार होणारा चहा.
अंगठा त्या ओळीपाशी थांबला.
मशीन चालू होतं, मी शाई लावत राहिलो,
बघितलं नाही, म्हणजे बघितलं.

बऱ्याच वेळानं त्यांनी कागद पुढं केला.
खालच्या ओळीत बोट ठेवून म्हणाले,
'इथं स्वल्पविराम राहिला तुमचा.'