कपावरची रेघ

वडणग्यात, पाटाच्या अलीकडं,
गौराक्कानं एकाच सकाळी पोकळा टाकला
चार वाफ्यांत.
पहिल्याला नुसतं पाणी.
दुसऱ्याला उकिरड्याच्या तळाचं काळं, भुसभुशीत शेणखत.
तिसऱ्याला तेच, अन् वर चहाचा एक कप युरिया, मोजून.
चौथ्याला किती, ते भरमूदाजींना विचारा.
ते मोजत नाहीत. फेकतात.

पंधरा दिवसांत पहिला वाफा पिवळट पडला,
खालची पानं आधी,
घरातल्या थोरल्यानं आपल्या ताटातलं
धाकट्याच्या ताटात सरकवावं तसा.
चौथा मात्र गुडघ्याला लागला.
पानं इतकी हिरवी की जवळजवळ निळी.
माव्याला कुणी सांगितलं कोण जाणे,
तो थेट तिथंच उतरला.

चार रंगांच्या चिंध्यांनी मी पेंड्या बांधल्या
आणि पहिल्या केएमटीनं कपिलतीर्थात.
नऊच्या आत चौथा खलास.
‘किती ताजा आहे बघा,’ म्हणत बाया एकमेकींना दाखवत होत्या.
तिसरा गेला घासाघीस करून,
दुसरा निम्मा.
पहिल्याकडं बघून एकानं विचारलं,
‘शेळीला आणलाय का गं?’

चौथ्यातली एक पेंडी मी घरासाठी मागं ठेवलेली.
दुपारी तिनं मान टाकली.
देठ दाबला तर नुसतं पाणी.

रात्री गौराक्कानं चारदा कढई ठेवली.
लसूण, सुकी मिरची, मीठ; चारींना सारखंच.
चौथा कढईभर होता, उरला वाटीभर.
‘नावाला जागला,’ ती म्हणाली.
पहिला आम्ही दोऱ्यासारखा चघळत बसलो.
दुसऱ्याला चव होती,
दाढेखाली थांबणारी.
तिसऱ्याबद्दल कुणी काही बोललं नाही,
पण भाकरी त्याच्याबरोबर संपली.

मग दाजींनी विचारलं,
‘दर कुणाला चढला?’
खोटं कशाला बोलू?
‘चौथ्याला. पेंडीमागं दोन रुपये.’
दाजी हसले नाहीत, एवढं खरं.
गौराक्का मोरीत हात धूत राहिली,
धुऊन झाल्यावरसुद्धा.

सकाळी युरियाच्या पोत्यात बघितलं.
तोच कान तुटका कप, खताला टेकवून ठेवलेला,
आणि आतल्या बाजूला
खिळ्यानं ओढलेली नवी रेघ,
निम्म्याच्या जरा वर.
कुणी ओढली,
ते मी दोघांनाही विचारलं नाही.