गुण

दुपारी वीज गेली तेव्हा द्वारकाबाई फेगडे
यावलच्या बसनं येऊन माझ्यासमोर बसल्या होत्या,
जळगावच्या सराफ्यात, भावाच्या दुकानामागच्या खोलीत,
जिथं दागिने विकत नाही, फक्त खडे पारखतो.

रुमालाची गाठ सोडली. दोन अंगठ्या.
दोन्ही पिवळ्या, दोन्ही सासूच्या.
"दोघं भावांले एकेक देली व्हती. दोन्ही पुष्कराज म्हने.
आता वाटे होऊन राह्यले.
कोनता भारी, तेवढं सांग."

खिडकीच्या उजेडात खडे कोंदणातून सोडवले.

थोरल्याचा आधी.
गालाला लावला: माठाच्या तळासारखा गार,
आणि बराच वेळ गारच.
तोंडाची वाफ त्यावर बसली न बसली तोच उडाली.
भिंगाखाली आत रेशमाचे तुटके धागे,
कडा अशा, की पैलू कालच पाडलेत.
दोऱ्यानं पाण्यात सोडला, पाव वजन गेलं.
पुष्कराज.

धाकट्याचा गालावर लगेच कोमटला.
वाफ रेंगाळली.
आत काहीच नाही, स्वच्छ, काकवीच्या थेंबासारखा.
कडा बोथट. कोंदणाच्या फटीत केळीच्या चिकाचा
काळा पडलेला डाग.
पाण्यात तिसऱ्या हिश्श्याहूनही जास्त हलका झाला.
सुनेला. म्हणजे गारच, सोनेरी अंगाची.
वाऱ्यावरच्या धुळीत गारेचाच कण असतो,
सुनेल्याला झिजवतात ती त्याचीच भावंडं.

हे सगळं मी सांगितलं.
द्वारकाबाईंनी डागावर नख फिरवलं.
"यानंच तर त्याची कावीळ गेली, बाई.
भुसावळच्या दवाखान्यात डोळे हळदीवानी.
सासूनं बोटात घातली,
अन् अकराव्या दिवशी त्यानं भाकर मागली."

आणि थोरल्यांचं?
"आमच्या मालकांले कधी काही झालंच नही.
साधी शिंक नही.
मंग हा बी त्या खऱ्याचाच गुण का आयता?"

माझ्या वडिलांची वही अजून टेबलाखाली आहे.
कठीणपणा, वजन, चमक, आणि शेवटचा रकाना: गुण.
पुष्कराज: गुरू, लग्न, यकृत.
सुनेला: तेच, कमी.
कमी म्हणजे किती, ते त्यांनी लिहिलं नाही.
स्वतः रोज जेवणाआधी
कोपऱ्यावरच्या डॉक्टरांची गोळी घ्यायचे,
अंगठी काढून, हात धुऊन.

"त्या अकरा दिवसांत दवाखान्यात कोण होतं?" मी विचारलं.
"मीच. देराणी माहेरी, बाळंतीन."
एवढंच बोलून त्या पाणी प्यायल्या.

मी चीक काढायला ब्रश उचलला.
"ऱ्हाऊ दे. जसाच्या तसा बसव.
अन् त्याले नको सांगजो.
कळलं तं कावीळ वापस येईन."

पण वाटे? किमतीत जमीन-अस्मानाचा फरक.
"त्याचं मी पाहीन. विहिरीवरचा पंप त्याले देईन,
वरून पाइप. मालक कुरकुर करतीन, करू दे."

पंखा फिरू लागला. खडे आपापल्या घरात बसले.
पावती करताना हात थांबला.
पुष्कराज, एक. सुनेला, एक.
खोटं लिहिता येत नाही मला,
म्हणून पावती केलीच नाही.

पारखण्याचे दोनशे झाले.
त्यांनी नोटा मोजल्या, गाठ मारली,
आणि दारातून वळून विचारलं,
यावलची शेवटची गाडी सातला का साडेसातला.