गाळलेली जागा

वसमतला, मोंढ्यामागं, हळदीच्या आडतीवरच्या खोलीत
माझा इंग्रजीचा क्लास.
फळा पुसला तरी पिवळाच राहतो.
त्यावर लिहिलं: समबडी, समवन.
म्हणालो, दोन्ही एकच. कोणतंही लिहा, मार्क तेवढाच.

मागच्या बाकावरून मुक्ता कऱ्हाळे:
‘एकच हायत तर दोन कशाला ठेवले, सर?’

मी खडू शोधायला लागलो.
एक बोलताना जरा सैल, म्हटलं,
दुसरं कागदावर जरा नीटनेटकं.
जसं घरातलं कोन्ही अन् अर्जातलं कोणी.
पोरं हसली. ती नाही हसली.

शनिवारी चाचणी.
‘दारात ______ उभं आहे’ अशा अर्थाचं वाक्य.
सत्तावीस जणांनी भरलं समबडी,
कारण गाईडात तेच आहे.
तिनं समवन. खोडून, पुन्हा समवन.

विचारलं तर म्हणाली,
बाबा सरकारी दवाखान्यात, थंड खोलीवर.
रात्री फोन येतो, ‘धुराजी, बॉडी आली.’
ताट तसंच राहतं.
‘आमच्या घरी तो शब्द
दाराशी उभा करत नाहीत, सर.
एक चालतंय. एक म्हणलं की जेवायला वाढता येतं.’

पुढं एकदा धुराजीच भेटले, चहाच्या गाड्यावर,
बोटं साबणानं पांढरी पडलेली.
रजिस्टरात एक रकाना असतो म्हणाले, नातेवाईक.
साहेब सांगतेत, लिही, कोणी नाही.
‘मी मोकळा सोडतो.
कोन्हीतरी असतंयच की.
बसला उशीर होतो माणसाच्या.’

रात्री पेपर तपासत बसलो.
सोळा वर्षं शिकवतोय, अन् आज ध्यानात आलं,
आपल्यात कोणीतरी ‘आलंय’ म्हणतात.
आला नाही, आली नाही.
कडी निघेपर्यंत
येणारं सगळं लेकरूच असतं.

तिला एक मार्क दिला.
बाकीच्यांचा कापता येईना,
बरोबरच होतं त्यांचं.

बाहेर कडी वाजली.
कोण? म्हटलं.
‘मी हाय.’
एवढंच. नाव नाही, गाव नाही.
आवाज ओळखीचा वाटला नाही,
तरी उठलो.