शेवया विरघळायच्या आत

जहाजावरून उतरून अकरा दिवस झाले,
तरी पावणेचारला त्याचे डोळे उघडतात.
अंधारात पाय बूट शोधतात.
फरशी हलत नाही, म्हणून
हरेश भिंतीला हात लावून थोडा थांबतो.

मग स्वयंपाकघरातला दिवा.
मी पडल्या पडल्या मोजते:
लसणाच्या सहा पाकळ्या, बत्त्याचे सहा ठोके,
आणि खिडकीबाहेर, कांदळवनाच्या अंगाला,
पाम बीच रोडवरून एखादीच गाडी.

मिसुआ म्हणतात त्याला, फोनवर म्हणाला होता,
आपल्या शेवयांचीच बहीण, पण केसासारखी बारीक
आणि जन्मतःच खारट.
आणलेल्या एकुलत्या पुडक्यावर बॅगेत शाम्पू सांडला.
तेव्हा आज नारायणगावच्या मावशीचा डबा,
झाकणावर खडूनं लिहिलेलं: खिरीसाठी.

मी उठते. दारातूनच बघते.
दिवाळ्याच्या बाजारातली करंदी त्यानं रात्रीच सोललीये,
डोकी वेगळी उकळून, गाळणीत दाबून
केशरी पाणी काढून ठेवलंय.
आलं, कांदा, आणि लसूण
तांबूस व्हायच्या जरा अलीकडे.
दोडका सोलताना मात्र हात जड,
निम्मा गर सालीबरोबर जातो.
"शिरा टाकू नकोस," मी म्हणते, "चटणी करीन."
तो वळत नाही.
काही सांगायचं असलं की
तो आधी पाठ करतो.

"नेस्टरची आई गेली तेव्हा
कुठल्याही किनाऱ्यापासून आम्ही सहा दिवस लांब.
कॅप्टन म्हणाला, आज सुट्टी घे.
सुट्टी घेऊन जाणार कुठं?
तो गॅलीत शिरला, बावीस माणसांसाठी हेच केलं.
मला काय बोलावं सुचेना,
म्हणून मी तीनदा वाढून घेतलं."

पाण्याला उकळी येते.
दोन मोज्यांत गुंडाळून आणलेली
फिश सॉसची बाटली उघडते, तशी आतल्या खोलीतून सासूबाई:
"आत्ता कोन सुकट भाजतंय?"

नेस्टरचा नियम असा:
शेवया टाकायच्या, एक मिनिट, गॅस बंद.
तोवर सगळे वाट्या घेऊन बसलेले हवेत,
कारण माणसं थांबतात, शेवया थांबत नाहीत.
पण मावशीच्या शेवया हट्टी.
मिनिटभरात नुसत्या ओल्या होतात.
मीठही नाही त्यांच्यात.
तो चाखतो, तोंड बारीक करतो,
बाटली पुन्हा उलटी करतो.

"शेवयान मावरं कोन घालतं रं?"
म्हणत सासूबाई स्टूल ओढतात.
पहिला घोट फुंकून,
दुसरा न फुंकता.
भिंतीपलीकडून त्यांनी सगळं ऐकलेलं असतं;
वाटी ओठांशी ठेवूनच विचारतात,
"त्या पोराच्या आयचं नाव काय व्हतं?"

हरेशच्या हातात पळी तशीच.
आठ महिने एका टेबलावर जेवलो, म्हणतो,
कधी विचारलं नाही.

"मंग इचार."

नेस्टर आता दुसऱ्या जहाजावर,
कुठल्या पाण्यात कोण जाणे.
हरेश अंगठ्यानं लिहितो, खोडतो,
परत लिहितो. पाठवतो.
एकच टिक.
फोन मिठाच्या बरणीला टेकवून ठेवतो,
स्क्रीन वर करून.

पातेल्यात शेवया सगळा रस पिऊन फुगल्यात,
नेस्टरनं बघितलं तर रागावेल.
सासूबाई मात्र वाटी पुढं करतात,
"घाल. घट्टच बरं हाय."

बाहेर खाडीवर उजाडायला अजून अवकाश आहे.
मी ओट्यावरच्या शिरा गोळा करते,
तीळ आहेत का बघते.